वाट बघणारीचं नाव

फ्रिजचं दार लावताना नजर सहज रॉसच्या प्रवासाच्या कागदावर गेली आणि तिसऱ्या ओळीवर अडकली. कागद रोजच्याच जागी, पेंग्विनच्या चुंबकाखाली होता. 'वाट बघणाऱ्या व्यक्तीचं नाव' या छापील शब्दांपुढे रॉसने आपल्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : हेदर प्रिंगल. खाली तिचा फोन नंबर. हातात दुधाची बाटली तशीच धरून मी ते तीनदा वाचलं. आयुष्यभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून डॉक्टरांची अक्षरं वाचली, त्यामुळे वाचण्यात माझी चूक होत नाही, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली. दर वर्षी हा माणूस आतल्या वाळवंटात जातो, आणि दर वर्षी त्या तिसऱ्या ओळीत माझं नाव असतं. घराच्या कागदांवर, बँकेत, मुलांच्या शाळेत त्याचं नाव आधी आणि माझं नंतर. पण त्या ओळीत माझं एकटीचं. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत त्याचा फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे माझं काम. बाकी संसारात मी काय केलं हे विचारलं तर मी कदाचित गप्प बसेन, पण हे काम मी केलं होतं. कागदाला मी हात लावला नाही. चुंबक जरा जरी सरकला असता तरी मी बघितल्याचं त्याला कळलं असतं. दूध परत आत ठेवलं आणि चहा बिनदुधाचाच प्याले.

हेदर म्हणजे नेव्हिलची बायको. गेल्या वर्षी जूनमध्ये नेव्हिल गेला, तेव्हापासून रॉस दर मंगळवारी तिच्याकडे जातो. आधी पन्हळी साफ करायला, मग कुंपण, मग तिच्या गाडीची बॅटरी. एखाद्या घरात इतकं काय मोडू शकतं हे मला कळेना. मी कधी विचारलं नाही, कारण नेव्हिल त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त होता आणि हेदर एकटी होती, आणि मी काही तसल्या बायकांपैकी नाही असं मी स्वतःला सांगत आले होते. पण त्या सकाळी मंगळवार मोजायला लागले तर पन्नासच्या वर भरले. तिच्याकडून तो लिंबाचा केक खाऊन यायचा, हे त्याच्या मिशीवरच्या साखरेवरून कळायचं. मी केक करणं केव्हाच सोडलं होतं. आम्हा दोघांची साखर वाढलेली, डॉक्टरांनी मनाई केलेली. मग माझ्याकडे पथ्य आणि तिच्याकडे केक, हे वाटप कोणी आणि कधी केलं, असं मी सिंकशी उभी राहून मनातल्या मनात विचारत होते. मागच्या अंगणात रॉस गाडीखाली आडवा होऊन काहीतरी घट्ट करत होता. त्याचे दोन बूट तेवढे दिसत होते. बुटांवरून माणसाच्या मनातलं काही कळत नाही.

या वेळी त्याला बेलामीच्या दातांकडे जायचं होतं. बेलामी कोण होता कुणाला ठाऊक नाही. वाळूतून उभे राहिलेले लाल दगड, एका ओळीत, माणसाच्या चौपट उंचीचे, मधला एक पडलेला. तिथल्या मूळ लोकांचं त्या जागेला स्वतःचं नाव आहे आणि तिथे जायला त्यांच्या मंडळाची परवानगी लागते. रॉसने पत्र पाठवून दोन महिने झाले होते आणि रोज तो पत्रपेटीपर्यंत चपला फटकारत जाऊन येत होता. एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात तो आणि नेव्हिल तिकडेच निघाले होते. पोचले नाहीत. त्या प्रवासाबद्दल आमच्या घरात जे बोललं जातं ते ठरलेलं आहे : गाडीचा आस मोडला, रेडिओ बंद पडला, उष्मा त्या वर्षी लवकर आला, आणि पोलिसांनी शोध सुरू करायला उशीर केला. शेवटचं वाक्य रॉसचं. दर उन्हाळ्यात, मागच्या अंगणात सॉसेज भाजता भाजता, कुणी विषय काढला की तो चिमटा हलवत ते सांगायचा आणि नेव्हिल मान डोलवायचा, आणि मी कोशिंबीर आणायच्या निमित्ताने आत जायचे.

खरं काय ते मला माहीत होतं. त्याआधी दोन वेळा रॉसचा फोन ठरल्या वेळी आला नव्हता, आणि दोन्ही वेळा मी घड्याळाचा काटा पुढे गेल्या गेल्या पोलिसांना कळवलं होतं. दोन्ही वेळा हे दोघे कुठल्याशा रस्त्यावरच्या बारमध्ये बियर पीत बसलेले सापडले. दुसऱ्या वेळेला तर पोलीस शिपाई हसला होता. मग त्याची थट्टाच झाली. "ग्लेनिसने लष्कर बोलावलंय रे, पटकन ग्लास संपव," असं नेव्हिल कुणाच्याही लग्नात, वाढदिवसाला म्हणायचा आणि सगळे हसायचे, आणि रॉस सर्वांत मोठ्याने. मीही हसायचे. त्या हसण्याखाली काय होतं हे मला एक्क्याण्णवच्या त्या शुक्रवारी कळलं. सकाळी सातपर्यंत फोन यायचा होता. सात वाजले. मी स्वयंपाकघरात उभी होते, घड्याळ समोर होतं, फोन हाताशी होता. मला वाटलं, नाही. या वेळी नाही. या वेळी तू फोन कर, तू माफी माग. मी संत्री काढली. कडू संत्र्यांचा मुरंबा करायचा म्हणून दोन दिवसांपासून टोपलीत होती. साली इतक्या बारीक चिरल्या की तशा मला पुन्हा कधी जमल्या नाहीत. आठ वाजले, दहा वाजले. साखर उकळत होती. मला भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या भीतीवर राग पातेल्यावरच्या झाकणासारखा घट्ट बसला होता, आणि खरं सांगायचं तर, मला बरं वाटत होतं.

दुपारी बाराला हेदरचा फोन आला. तिची मुलं तेव्हा लहान होती, मागे कुणीतरी रडत होतं. काही कळलं का, असं तिने विचारलं. मी म्हणाले, हो, मी पोलिसांना कळवलंय, थांबा म्हणालेत. का म्हणाले कुणास ठाऊक. राग तिच्यावर नव्हता. पण 'अजून नाही कळवलं' म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. ती म्हणाली, "देवा, तू आहेस म्हणून बरं, ग्लेनिस." मग मी बरण्या उकळल्या, पुसल्या, मुरंबा भरला, चिठ्ठ्यांवर तारीख घातली. संध्याकाळी सहाला पोलिसांना फोन केला. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी उडालं. दहाच्या सुमाराला त्यांना गाडीच्या सावलीत ते दोघे दिसले. रॉस बसला होता. नेव्हिल पडला होता, कारण आपल्या वाट्याचं पाणी तो शेवटी शेवटी नुसतं ओठांना लावून रॉसकडे सरकवत होता, हे रॉसने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नेव्हिलची मूत्रपिंडं तेव्हापासून दुखावली. डॉक्टर म्हणाले होते, अर्धा दिवस आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. शेवटची सहा वर्षं तो आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून पडायचा. मी त्याला सूप नेऊन द्यायचे. तो म्हणायचा, लष्कराची कमांडर आली. तेव्हा मात्र मला हसू यायचं नाही.

रॉसने तेव्हा पोलिसांविरुद्ध चार पानांची तक्रार लिहिली होती आणि टपालात टाकायला माझ्याकडे दिली होती. ती मी टाकली नाही. शिवणाच्या डब्यात, अस्तराखाली, ती अजून आहे. त्यानंतर प्रत्येक प्रवासात मी फोनशेजारी आदल्या दिवसापासून बसायचे. रॉस म्हणायचा, आता नवीन उपग्रहाचे फोन आलेत, तरी मला माझी बायकोच लागते. यंत्र बिघडतं, घड्याळाकडे बघत बसलेलं माणूस बिघडत नाही. हे तो पाहुण्यांपुढे म्हणायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात मला जड व्हायचा.

आता त्या ओळीत हेदरचं नाव होतं. म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, रॉसचं तिच्यावर मन बसलं. दुसरी, रॉसला कळलं. मी दिवसभर या दोन्ही गोष्टी तराजूत घालून बघत होते आणि गंमत अशी, की पहिली खरी असावी असं मला वाटू लागलं. नवरा दुसऱ्या बाईकडे गेला तर शेजारणी तरी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या. दुसरीत माझ्या बाजूने मीसुद्धा नव्हते. म्हणून मी पहिलीचे पुरावे शोधायला लागले. माणूस ठरवून शोधायला लागला की सापडतातच. बुधवारी रॉस दाताच्या डॉक्टरकडे गेला तेव्हा मी शेडमध्ये गेले. पाण्याचे सहा डबे धुऊन उलटे घातलेले होते. वीस लिटरचा एक. सहाच, एकही जास्त नाही, वजन वाढलं की वाळूत चाक रुततं, हा त्याचा नियम, आणि नियमाच्या बाबतीत रॉस धर्मगुरूपेक्षा कडक. डब्यांमागे ताडपत्रीखाली एक घडीची खुर्ची होती, नवी कोरी, बुटकी, हातांची. तो स्वतः गेली वीस वर्षं एकाच फाटक्या खुर्चीवर बसतो. खुर्चीवर एक टोपी होती, माश्यांची जाळी लावलेली, बायकांच्या मापाची, कडेला जांभळी फीत. जांभळा रंग हेदरला शोभतो. नेव्हिलच्या अंत्यविधीला ती जांभळा स्कार्फ घालून आली होती आणि सगळे म्हणाले होते की किती धीराची बाई.

मी टोपी डोक्यावर घालून बघितली. शेडच्या काचेत जाळीमागे माझा चेहरा दिसेना, नुसती एक राखाडी बाई दिसत होती, ती कोणीही असू शकली असती. टोपी मला बसली. डोकं बायकांचं सगळ्यांचं एकसारखंच असतं, मी स्वतःला म्हणाले, आणि काढून ठेवली. मग तिथेच उभी राहून मी सगळा कट जुळवला. हेदर कागदावर घरी, प्रत्यक्षात गाडीत. कुणी विचारलं तर कागद दाखवायचा : ही बघा, ती तर वाट बघतेय. वाळवंटात कोण बघणार आहे. एवढ्या उठाठेवीची त्यांना गरज काय होती, दोघं सरळ समुद्रकिनारी हॉटेलात जाऊ शकत होती, पासष्टीच्या माणसांना कोण अडवतं, हा प्रश्न मला सुचलाच नाही असं नाही. सुचला आणि मी त्याला दारातून परत पाठवला. शिवाय रॉस हल्ली विचारायचा, तुझा गुडघा कसा आहे, डॉक्टर काय म्हणाले, किती वेळ उभी राहू शकतेस. आधी मला बरं वाटायचं. आता वाटलं, मी किती दिवस एकटी घर सांभाळू शकेन याचा तो अंदाज घेतोय.

शनिवारी परवानगीचं पत्र आलं. रॉसने ते पत्रपेटीपाशीच उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. आत येऊन म्हणाला, पत्र आलं. मी म्हणाले, छान. तो थोडा वेळ घुटमळला. काहीतरी बोलायचं असलं की तो नाकाचा शेंडा चोळतो, तसं चोळलं, मग म्हणाला, उद्या बोलू. उद्या बोलू असं चांगल्या गोष्टीबद्दल कोणी म्हणत नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवून पुसलं, परत लावलं, वाकडं लागलं, पुन्हा उतरवलं. ते जुनंच घड्याळ आहे, एक्क्याण्णवचं.

रविवारी दुपारी तो गाडीच्या टपावर पट्टे आवळत होता. मी चहा घेऊन गेले. ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. शिडीच्या पायथ्याशी उभी राहून मी विचारलं, "त्या कागदावर हेदरचं नाव का आहे?"

तो वरूनच म्हणाला की तिनेच मागून घेतलं. मंगळवारी विषय निघाला, तर ती म्हणाली, या वेळी माझं नाव घाल. पट्टा आवळत तो हे इतकं सहज म्हणाला की मला वाटलं हा मला खेळवतोय. तिनेच मागून घेतलं. म्हणजे तिला कळलंय, तिने त्याला सांगितलं, आणि आता दोघं मिळून माझ्या तोंडून ऐकायला थांबलीत. एकतीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आलं, असं मला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे सुटल्यासारखंही वाटलं. मी चहाचा कप बॉनेटवर ठेवला.

"मग कळलंच तुला," मी म्हणाले.

"काय कळलं?"

"पोलिसांनी उशीर केला नव्हता, रॉस. मी केला. सात वाजलेले मी बघितले होते. फोन केला संध्याकाळी सहाला. अकरा तास. मुरंबा करत होते."

तो शिडीवर तसाच थांबला, पट्ट्याचं टोक हातात. मी सगळं सांगितलं. लष्कराची थट्टा, हेदरचा बाराचा फोन, मी खोटं काय बोलले ते, शिवणाच्या डब्यातली तक्रार. बोलताना मी त्याच्या बुटांकडे बघत होते. शेजारच्या घरी कुणीतरी गवत कापत होतं, ते यंत्र मध्येच बंद पडलं आणि माझा आवाज मला फार मोठा वाटला. रॉस हळूहळू खाली उतरला. माझ्या शेजारून आत गेला. मला वाटलं आता दार लागेल. पण तो परत आला, हातात फ्रिजवरचा कागद. त्याने तो उलटा करून माझ्या हातात दिला. मागच्या बाजूला 'प्रवास करणाऱ्या व्यक्ती' असं छापलेलं होतं. खाली त्याच गोल अक्षरात : एक, रॉस टॅल्बट. दोन, ग्लेनिस टॅल्बट. आणि माझ्या नावापुढे कंसात, उजवा गुडघा कमजोर, लांब चालू शकत नाही.

"तू गाडीत असणार," तो म्हणाला, "मग घरी कोण वाट बघणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. माझी जागा फोनशेजारी हे इतकं पक्कं होतं, की त्या ओळीतून मला काढलं तर मी आणखी कुठेतरी असेन, हा विचारच माझ्याकडे नव्हता. लग्नानंतर एकदा त्याने बरोबर येतेस का असं विचारलं होतं, तेव्हा मी माश्यांचं कारण सांगितलं होतं. आता नेव्हिल नव्हता. मी नाही म्हणेन या धास्तीने त्याने आधी टोपी आणली, खुर्ची आणली, परवानगीत माझं नाव घातलं, आणि मग विचारायचं ठरवलं होतं. रविवारी. आज. मी जरा थांबले असते, तर त्याला कधीच काही कळलं नसतं. कागद हातात धरून मी उभी होते, आणि मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. त्या शुक्रवारीही नाही.

रॉस बॉनेटवरचा चहा प्याला. गार झालेला, सगळा. मग म्हणाला, "अकरा?" मी मान हलवली. त्याने कप नीट परत ठेवला. म्हणाला, हेदरला सांगायला हवं, जिच्या हातात आपण जीव देऊन चाललोय तिला माहीत नसणं बरोबर नाही. मी म्हणाले, तू सांग. तो म्हणाला, "नाही. तो फोन तुझा होता."

मी स्वयंपाकघरातून केला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. मी घड्याळाकडे बघत बोलले, न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा दुसरंच काही तोंडातून निघालं असतं. माझं संपल्यावर तिकडून फक्त तिच्या कुत्र्याची नखं फरशीवर वाजताना ऐकू आली. मग हेदर म्हणाली, "माहीत आहे मला. त्याच आठवड्यात शिपायाने सांगितलं होतं. मी त्याला तुझ्या फोनची वेळ विचारली होती."

त्याच आठवड्यात. म्हणजे त्यानंतरचे एकतीस नाताळ, माझ्या टेबलावर तिने आणून ठेवलेले केक, इस्पितळात माझ्या हातून घेतलेलं सूप, अंत्यविधीला माझ्या खांद्यावर टेकलेलं तिचं डोकं, हे सगळं तिने माहीत असताना केलं होतं. मी विचारलं, मग नेव्हिलला? ती म्हणाली, नाही, त्याला तुझी थट्टा करायला फार आवडायचं, ती कशाला काढून घेऊ. मी विचारलं, मग आता तुझं नाव का घालून घेतलंस.

"गुरुवार, संध्याकाळी सहा, बरोबर ना?" ती म्हणाली. "सहा वाजून एक मिनिटाला मी पोलिसांना फोन करेन. मला घड्याळ कळतं, ग्लेनिस." आणि फोन ठेवला.

तिचा आवाज रागाचा नव्हता. प्रेमाचाही नव्हता. मी तो पुढचे तीन दिवस कानात फिरवून बघितला, भाजीवालीने दिलेलं नाणं उलटसुलट करून बघावं तसा, आणि तो खरा की खोटा मला ठरवता आलं नाही. कधी वाटायचं, अशी बाई मिळायला भाग्य लागतं. कधी वाटायचं, एकतीस वर्षं एवढं पोटात ठेवू शकणारी बाई आणखी अकरा तासही गप्प बसू शकेल. रॉसला मी सांगितलं ती काय म्हणाली ते. तो हं म्हणाला. माझ्याशी तो नीट वागत होता, जरुरीपुरतं बोलत होता, गुडघ्याचं औषध विसरू नको म्हणत होता. खांद्यावर हात मात्र ठेवला नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. पुढच्या गुरुवारपर्यंत आठ दिवस. मी जाळीची टोपी घालून फाटकाशी उभी होते आणि रॉस मागचं दार उघडून सामान लावत होता. डबे मी मोजले, सवयीने. सहा नव्हते. सातवा डबा सहांच्या शेजारी, जुना, हिरव्या रंगाचा, काठोकाठ भरलेला, त्याला वेगळा पट्टा.

"सहाच न्यायचे असतात ना?" मी म्हणाले.

त्याने पट्टा ओढून बघितला, गाठ बसली की नाही ते पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अकरा तासांचं." मग वाकून त्याने माझी खुर्ची उचलली आणि डब्यांवर आडवी ठेवली.